बाई, मी बेबीला ट्यूब दिली नाही

बाई, भांडण अर्धवट टाकून उठणाऱ्या तुम्ही नव्हत्या. चुलीपाशी सुरू झालेलं भांडण गोठ्यात न्यायचं, गोठ्यातून डेअरीच्या रांगेत न्यायचं आणि शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवूनच घरी यायचं, ही तुमची रीत. धाकटी जाऊ म्हणून या घरात आले तेव्हापासून मी ती पाहिली. या वेळी मात्र शेवटचा शब्द माझ्याकडे राहिला आणि तुम्ही निघून गेलात. मला तो नको होता.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, मांडवाचे बांबूही परत गेले. आता घरात तुमच्याविना एकटे पडलेले दादा, मी, माझे हे, आणि गोठ्यात आपल्या गायी. दादा दिवसभर ओसरीत बसतात आणि कोणी आलं की तुमची हकीकत पहिल्यापासून सांगतात. पहाटे छातीत कळ आली, गाडी काढली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. लोक काय वाट्टेल ते विचारतात. एकानं तर विचारलं की गायीच्या कासेतल्या त्या जंतूनं तर नाही ना झालं काही. मी म्हटलं, हृदय होतं बापा, जंतू-बिंतू काही नाही. तुमच्या मरणाला उगाच गोष्ट चिकटवू दिली नाही मी.

आता जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते, तुम्हाला दुसरीकडून कळायला नको. काल बेबी दारात आली होती. तिच्या गायीची कास सुजली. आपल्या फ्रिजमध्ये चांदणी गायीच्या सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबा होत्या. तिनं तुमचं नाव घेऊन एक मागितली आणि मी नाही म्हटलं. बेबीचं तुम्हाला काय सांगायचं. तिचा नवरा गेला तेव्हापासून त्या एका गायीवर घर चालतं, आणि त्या गायीचं पहिलं वासरू तुम्हीच ओढून काढलं होतं. अशा बाईला मी नाही म्हटलं. गावात सकाळपासून हीच चर्चा आहे. म्हणून बसलेय सांगायला. मधे बोलायची तुमची खोड आहे, आज तेवढी ठेवा बाजूला.

मी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेची. आमच्याकडे दूध पिशवीतून यायचं आणि गाय फक्त रस्त्यात आडवी यायची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा गायीकडे डाव्या बाजूनं जायचं की उजव्या हेही माहीत नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी मला बादली दिली, स्वतः मागं उकिडव्या बसलात आणि माझ्या हातावर तुमचा हात ठेवून धार काढायला शिकवलं. "आंगठा मुडपू नको व वंदने, सड दुखते तिचं. सगया मुठीनं घे." मला बादलीच्या तळापुरतंही दूध निघालं नाही. तुम्ही हसला नाहीत. हसलात ते रात्री जेवताना, सगळ्यांसमोर, आणि तेव्हा असं हसलात की दादांना ठसका लागला. "शहरातली पोट्टी गायीसंगं हात मियवून राह्यली होती," म्हणालात. मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या आधी उठून तुम्ही माझ्यासाठी बादली धुऊन ठेवली होती, आणि मग राग धरून ठेवणं काही जमलं नाही.

तुम्ही मला जे शिकवलं त्यात एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून खटकायची. पहिली धार भुईला. बादली लावायच्या आधी प्रत्येक सडाची पहिली धार तुम्ही गोठ्याच्या जमिनीवर सोडायच्या आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणायच्या. तुमच्या सासूनं तुम्हाला शिकवलं, तुम्ही मला. मी निमूट करत राहिले. मग गुरांच्या दवाखान्यात त्या नव्या डॉक्टर मॅडम आल्या. तरण्याताठ्या, बुटात पँट खोचलेल्या. तुम्ही त्यांना पाहून म्हणालात, "हे का गाय धरनार." त्यांनी गाय धरली, कास चाचपली, आणि आपल्याला सांगितलं की दगडीचे, म्हणजे कास सुजायच्या रोगाचे, जंतू पहिल्या धारेत सगळ्यात जास्त असतात. ती धार जमिनीवर पडते, त्याच जमिनीवर दुसरी गाय कास टेकवून बसते, आणि एकीचा रोग दुसरीला लागतो. धार काळ्या वाटीत घ्या, म्हणाल्या, काळ्यावर पांढऱ्या गुठळ्या लगेच दिसतात.

तुम्ही वाटी हातात घेतली नाही. "पयली धार भुईची हाय. वाटीची नाई." महिनाभर आपलं जुंपलं होतं त्यावर. मी वाटी ठेवायची, तुम्ही ती उचलून खिडकीत ठेवायच्या. एकदा तर त्यात मीठ भरून ठेवलंत. आणि मग एक दिवस, मी काही बोललेही नव्हते, तुम्ही वाटीत धार घेतली, उजेडाकडे धरून पाहिली, आणि बाहेर जाऊन निंबाच्या बुडाशी रिकामी केलीत. मी पाहतच राहिले. "काय पाह्यतं? भुई तं तेथंबी हाये," म्हणालात. मॅडमला सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं की निंबाखाली गायी बांधत नाही ना. नाही म्हटलं. मग चालेल म्हणाल्या. गावात मग पाच-सहा घरी अशीच वाटी सुरू झाली, आणि ती माझ्या सांगण्यावरून नाही, तुमच्याकडे बघून. मी वर्षभर घसा फोडला असता तरी झालं नसतं. तुम्ही एकदा निंबापर्यंत चालत गेलात आणि झालं.

म्हणून मला वाटलं होतं की ट्यूबांचंही असंच होईल. महिनाभर भांडू, मीठ भरू, आणि एक दिवस तुम्हीच काहीतरी काढाल.

गेल्या पावसाळ्यात चांदणीला दगडी झाली ते आठवतं ना? मागचं डावं सड दगडासारखं घट्ट, दूध म्हणजे फाटलेल्या दह्याचं पाणी. आपण नेहमीचं इंजेक्शन दिलं. दरवेळी त्यानं उतार पडायचा. या वेळी काहीच नाही. दुसरं आणलं, मग दुकानदारानं सांगितलेलं तिसरं. चांदणी आपली तशीच, वाळलेल्या तोंडानं सरकीच्या ढेपेकडे बघायची आणि मान फिरवायची. शेवटी मॅडमनी दुधाचा नमुना तपासायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा त्या आपल्या ओसरीत बसून होत्या, तुम्ही त्यांना चहा दिला होता, त्यांनी तो प्यायलाच नाही. जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध टाकून पाहिलं होतं. आपण आजवर जी जी वापरली, त्यातल्या एकालाही ते जुमानत नव्हते. एकच औषध उरलं होतं ज्यानं ते मरत होते. तोपर्यंत उशीर झाला होता. चांदणीचं ते सड आंधळं झालं. अजूनही आहे, थेंब येत नाही.

असं कसं झालं, तुम्ही विचारलंत. मॅडमनी सांगितलं की औषध अर्धवट दिलं की नाजूक जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात, मग पुढची पिलावळ त्या चिवटांचीच. तुम्ही म्हणालात, "बोंडअईवानी." मॅडमना कळलं नाही. मी सांगितलं, कापसावरची बोंडअळी. तुम्ही पुढं सांगू लागलात, पहिल्या वर्षी एका फवाऱ्यात कशी गळून पडायची, मग दोन लागायला लागले, मग दोन औषधं एकत्र करून मारली तरी अळी बोंडात आरामात बसून राहायची. मॅडम म्हणाल्या, अगदी हेच. मला वाटलं, जिंकलं. बाईंना कळलं म्हणजे झालंच. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "पन अई वैरीन व्हती. गाय घरची हाय. घरच्या गायीले कोनी औषध नाई म्हनते का?"

तुमची ती फ्रिजमधली अंड्यांची जागा. अंडी त्यात कधी नव्हतीच. अर्ध्या ट्यूबा, अर्ध्या बाटल्या, एक-दोन सुया, आणि शेजारी लसणाची चटणी. दूध जरा साफ दिसलं की औषध थांबवायचं आणि उरलेलं तिथं ठेवायचं. वाया कशाला घालवायचं. मग कोणाच्या गायीची कास सुजली की ते तुमच्याकडे यायचे, आणि तुम्ही ऊन असो पाणी असो, पदर खोचून निघायच्या. अर्धी ट्यूब याला, अर्धी त्याला. घेऊन जा म्हणून हातात दिली असती तरी चाललं असतं. पण नाही, तुम्ही स्वतः जायच्या, कास शेकायच्या, गायीच्या कानात काय काय बोलायच्या, घरातल्या बाईला धीर द्यायच्या. एवढं कोण करतं बाई कोणासाठी? मला तर घरच्या गायी आवरेपर्यंत दम लागतो.

आणि औषध चालू असतानाचं दूध. ते फेकून द्या म्हटलं की तुमच्या अंगावर काटा यायचा. वासराला पाजायच्या, उरलेलं डेअरीच्या कॅनमध्ये. मी एकदा चिडून म्हटलं, रोज सकाळी पहिली धार मातीतच टाकता की तुम्ही. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी भाकरी थापता थापता थांबले. "ते देनं हाय, हे फेकनं हाय. तुले दोन्ही सारखं दिसते?" पण मॅडम म्हणाल्या होत्या की औषधाचं दूध वासराच्या पोटात गेलं की तिथले जंतूही त्या औषधाला सरावतात. आणि आपलं दूध वर्ध्यात नालवाडीला जातं, माझ्या माहेरच्या गल्लीतही जातं. तुमचं ठरलेलं, उकळलं की सगळं मरते. जंतू मरतात बाई. औषध सगळं मरत नाही.

शेवटचं भांडण ट्यूबांवरूनच झालं. मॅडमनी बजावलं होतं की ते उरलेलं एक औषध तपासणीशिवाय कोणीही वापरायचं नाही, तेही असंच गेलं तर गावात कासेसाठी हातात काही राहणार नाही. तुमच्या कानावर होतंच. तरी तुम्ही कोणाच्या तरी नवऱ्याला वर्ध्याहून ते आणायला सांगितलंत, सगळ्यांत मिळून, अर्धं अर्धं. मला डेअरीत कळलं. घरी येऊन मी म्हटलं की या घरातून यापुढं अर्धी ट्यूब कोणाकडे जाणार नाही. तुम्ही गायींपुढं टाकायचं कुटार कालवत होत्या. हात तसाच घमेल्यात ठेवून म्हणालात, "मंग आजलोग मी लोकाईच्या गायींले इख देत व्हतो का?"

मी म्हटलं, "विष नाही बाई. पण अर्ध्या औषधानं त्यांची गायही बरी झाली नाही आणि आपलीही नाही."

तुम्ही हात धुतले आणि गेलात. मग अबोला. जेवण वाढायच्या, पण ताट माझ्याकडे सरकवायच्या, हातात द्यायच्या नाहीत. मला काळजी नव्हती. तुमचा अबोला मला पाठ होता, चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही गायीशी बोलता बोलता मला ऐकू येईल असं काहीतरी टाकायच्या आणि मी उत्तर दिलं की झालं. तेवढे दिवस मिळालेच नाहीत.

त्या प्रश्नाचं माझं उत्तर पूर्ण झालं नव्हतं. मला पुढं म्हणायचं होतं की हे तुम्ही एकट्यांनीच केलं का? दुकानदार चिठ्ठीशिवाय खिडकीतून सुटं औषध देतो. मोटारसायकलवरून फिरणारे ते सुईवाले गाय न बघताच सुई टोचतात, कारण सुई टोचली नाही तर आपणच त्यांना परत बोलावत नाही. सगळ्या गावानं, सगळ्या तालुक्यानं हे केलं. त्या सगळ्यांत माणसाच्या दारात स्वतः जाऊन गायीच्या पायाशी बसणाऱ्या मात्र तुम्हीच. हे मला म्हणायचं होतं. तुम्ही कुटार अर्धवट टाकून गेलात म्हणून राहिलं. आता ऐका आणि मनाला लावून घेऊ नका.

तुम्ही गेलात आणि सुतकातच चांदणी व्याली. कालवड झाली. सुतकाला थांबलेल्या आत्याबाई म्हणाल्या, बाईच आली परत. मी म्हटलं, बाई आल्या असत्या तर आल्या आल्या कोणाशी तरी भांडल्या असत्या, ही तर गपगुमान दूध पितेय. सगळे हसले, दादासुद्धा. तुम्ही गेल्यावर ते पहिल्यांदा हसले. आणि दोन दिवसांनी चांदणीच्या पुढच्या सडात गुठळ्या दिसल्या.

दादांनी त्या संध्याकाळी मला ओसरीत बोलावलं. तुम्हाला ठाऊक आहे, ते माझ्याशी कधी सरळ बोलत नाहीत, भिंतीकडे बघून बोलतात. त्या दिवशी माझ्याकडे बघून बोलले. "ते तिची गाय हाये. एक सड तं गेलंच. ते एक औषध चालते म्हन्ते न मॅडम, मंग लाव न. काऊन थांबून राह्यली?" मी सांगितलं, आधी नमुना. चांदणीला ताप नाही, ढेप खाते, रवंथ करते, मॅडम म्हणतात अशा गायीला थांबता येतं. ते ताटावर बसले आणि न जेवताच उठले. बाई, मला तेव्हा काय वाटलं हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. मला वाटलं, तुमच्या त्या अंड्यांच्या जागेतली द्यावी एखादी ट्यूब, कोण विचारतं, माणसाचं मन तरी राहील. हात फ्रिजपर्यंत गेला नाही पण पाय स्वयंपाकघरापर्यंत गेले होते. मग परत आले आणि चांदणीचं सड रिकामं करत बसले. दर थोड्या वेळानं पिळायचं, गरम पाण्यानं शेकायचं, पुन्हा पिळायचं. नमुना घेतला, सडाचं टोक स्पिरिटनं पुसून, बाटलीचं तोंड कशाला लागू न देता, थर्मासमध्ये बर्फ घालून स्कूटीवरून वर्ध्याला नेऊन दिला. उत्तर येईपर्यंत दादा माझ्याशी बोलले नाहीत. हे घरच तसलं आहे, अबोल्याचं.

उत्तर आलं. तोच चिवट जंतू, तेच एक औषध. मॅडमनी स्वतः ट्यूबा आणून दिल्या आणि माझा हात धरून सांगितलं की सगळा कोर्स पूर्ण करायचा, दूध साफ दिसलं तरी. आणि कोर्स संपल्यावरही त्या सांगतील तोवर दूध ना डेअरीला, ना घरात, ना कालवडीला. मी गोठ्यामागं खड्डा खणून घेतला. पहिल्या दिवशी दादांनी बादली उचलली आणि सवयीनं कालवडीकडे निघाले. मी आडवी आले. ते म्हणाले, "मातीत वतू?" मी हो म्हटलं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि निघून गेले, मग मीच ओतली. सोपं नसतं ते. पांढरं दूध काळ्या मातीत जाताना मलाही वाईट वाटलं, मी काही दगडाची नाही. कालवडीला दुसऱ्या गायीचं दूध पाजतोय, ती मस्त आहे.

परवा सकाळी चांदणीचं दूध साफ आलं. काळ्या वाटीत एक कणही नाही. दादांनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, "झालं न आता." मी म्हटलं, नाही झालं. आणि काल बेबी आली.

ती येताना रडत नव्हती. बेबी रडत नाही, तुम्हाला माहीत आहे. दारातच उभी राहिली. "माह्या गायीची कास सुजली. चांदणीचं दूध साफ झालं म्हन्तेत. उरलेली एक ट्यूब दे मले."

"उरलेली नाही ती, बेबी. चांदणीचीच आहे अजून."

"साफ दुधाले औषध?"

"हो."

"बाई असती तं दिली असती."

"दिली असती," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

ती उंबऱ्यावरून मागं झाली. "बाईनं कधी कोनाले नाई म्हटलं नाई. मले वाटलं व्हतं, तू तिची जागा चालवशीन." मग ती वळली. आणि दादा ओसरीत बसून सगळं ऐकत होते.

ट्यूबा आत होत्या, फ्रिजचं दार उघडायचं तेवढं होतं. पण एक बेबीला दिली असती तर चांदणीचा कोर्स तुटला असता आणि बेबीची गाय एका ट्यूबमध्ये बरी झाली नसती. दोघींकडे तेच जंतू उरले असते, आता शेवटच्या औषधालाही सरावलेले. मग पुढच्या पावसाळ्यात कोणाच्याही गायीसाठी मॅडमना फोन करून काय उपयोग झाला असता? बेबीची कास सुजली ती कशानं हेही कोणाला माहीत नव्हतं. कदाचित तिच्या जंतूला साधं जुनं औषध चालेल. कदाचित नाही चालणार. हे कळल्याशिवाय द्यायचं नाही, बस. एकदा ठरलं ते ठरलं.

पण तिला तशी जाऊ दिली नाही मी. मॅडमना फोन लावला आणि थर्मास उचलून तिच्या मागोमाग गेले. गोठ्यात शिरले तेव्हा तिनं पाठ केली. मी गायीजवळ बसले. कान गार, तोंडात कुटार, ताप नव्हता. नमुना घेतला आणि मग शेकायला लागले, तुम्ही शेकायच्या तसंच, फडकं पिळून, वरून खाली. पाणी गार झालं. मी काही मागितलं नाही. थोड्या वेळानं बेबीनं गरम पाण्याचं पातेलं आणून माझ्याजवळ ठेवलं आणि परत पाठ केली. नमुना वर्ध्याला पोचवून मी परत तिच्याकडे गेले, संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी आळीपाळीनं ते सड रिकामं केलं. आज सकाळीही गेले होते. गाय खाते आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

वाईट झालं तर गाव मला नाव ठेवेल, ठेवू दे. बेबीच्या गायीचं सड गेलं तर तिच्या घरी जाऊन मी तिच्यासमोर उभी राहीन, पळणार नाही. पण ट्यूबा वाटणार नाही. नमुन्याच्या रिकाम्या बाटल्या मॅडमकडून मागून आणल्यात. आता ज्याच्या गायीची कास सुजेल त्यानं कधीही यावं, मी बाटली घेऊन निघेन, शेकायला बसेन, वर्ध्याला पोचवेन. औषध मात्र उत्तर आल्यावर, आणि आलं की पुरतं. डेअरीच्या रांगेत हे मी आज मोठ्यानं सांगितलं. रांगेत कोणी मान हलवली नाही. एकीनं फक्त विचारलं की बाटली किती वेळ बर्फात ठेवायची. तुमच्या वेळीही वाटी पहिल्या दिवशी कोणी घेतली नव्हती.

आज सकाळी चांदणीला शेवटची ट्यूब सोडली. दूध लख्ख होतं. बादली मी खड्ड्याकडे न्यायला उचलली तर दादांनी ती माझ्या हातून घेतली आणि स्वतः नेऊन ओतली. मग बादली धुऊन पालथी घातली.

एकच गोष्ट मला लागली, बाई. रांगेत माझ्या मागं कोणीतरी म्हणालं, "बाई गेली म्हनून हिचं फावलं." मागं वळून मी काही बोलले नाही, पण तुम्हाला सांगते. तुम्ही त्या दारात, बेबीच्या शेजारी उभ्या असत्या आणि तुम्ही स्वतः माझ्याकडे ती ट्यूब मागितली असती, तरी मी नाहीच म्हटलं असतं. तुम्ही चिडल्या असत्या, ताट माझ्याकडे सरकवलं असतं, चार दिवस माझं नाव घेतलं नसतं. मी वाट पाहिली असती. आता मी नाही म्हणते आणि माझ्याकडे ताट सरकवायला घरात कोणी नाही.